खाजनातील भातवाणांचा प्रयोग आणि प्रचरण-विश्लेषण

भाताचे चार वाण एकाच शेतात लावले, कापणीनंतर प्रत्येकाचे उत्पन्न तोलले आणि ज्याची सरासरी अधिक तो वाण श्रेष्ठ ठरविला, तर त्या निर्णयात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. ती म्हणजे शेताची जमीन सर्वत्र सारखी आहे. अशी जमीन प्रत्यक्षात कोठेही आढळत नाही. गोव्यातील खाजन शेतीत तर ती आढळण्याची शक्यताच नाही. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून ज्या सखल जमिनी सोडविण्यात आल्या, त्यांत पावसाचे गोडे पाणी साचून खार धुपून जातो आणि मानशीवाटे ओहोटीच्या वेळी ते पाणी बाहेर सोडले जाते. मात्र हा खार सर्वत्र सारखा धुपत नाही. बांधालगत, जेथे खारे पाणी झिरपत राहते, तेथे भात खुरटते. बांधापासून दूर गेल्यावर तेच भात जोमाने वाढते. कोरगूटसारखे खारास तोंड देणारे पारंपरिक वाण येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्याचे कारण हेच होय.

अशा जमिनीत नव्या वाणाची परीक्षा घ्यावयाची असल्यास दिसणारा फरक वाणाचा किती, जमिनीचा किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, याची फोड करावी लागते. संख्याशास्त्रात या फोडीस प्रचरण-विश्लेषण म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर ते ‘ॲनोव्हा’ या इंग्रजी संक्षेपाने दिसते. पूर्वी ज्या गणितास हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर निम्मा दिवस लागे, ते आता एक्सेलसारख्या स्प्रेडशीट कार्यक्रमात क्षणार्धात होते. ही सोय मोठीच आहे. परंतु तिच्यामुळे एक नवी चूकही सुलभ झाली आहे. आकडे शेतात कोणत्या क्रमाने उगवले याची संगणकास कल्पना नसते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बिनचूक देतो. प्रश्न योग्य होता की नाही, हे मात्र तो पाहत नाही. या पाठाचा मुख्य रोख त्या चुकीकडेच आहे.

या पद्धतीचा उगम शेतातच झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. बटाट्याच्या बारा वाणांवर खतांचा परिणाम कसा होतो, याविषयी त्यांनी मॅकेंझी या सहकाऱ्यासमवेत १९२३ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात शेतातील प्रयोगाचे असे विश्लेषण प्रथम छापून आले. मौजेची गोष्ट अशी की, त्या पहिल्या विश्लेषणात प्रयोगाची शेतावरील मांडणी पुरतेपणी विचारात घेतली गेली नव्हती. १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात फिशर यांनी तेच आकडे पुन्हा, मांडणीला अनुसरून सोडवून दाखविले. या पद्धतीच्या जनकाकडूनही जी गोष्ट प्रथम निसटली, ती तालुक्याच्या कार्यालयात निसटली तर नवल नाही. भारतात या शास्त्राचा प्रसार करणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत : इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत काम केलेले डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे. या दोघांचा कृषी क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक दशके कृषी महाविद्यालयांत तो आधारग्रंथ म्हणून वापरला गेला.

आता उदाहरणाकडे वळू. पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. कोणत्याही प्रत्यक्ष वाणाचे ते उत्पन्न नव्हे. खाजनातील एका शेताचे, बांधाला समांतर असे पाच पट्टे पाडले. पहिला पट्टा बांधालगत, पाचवा सर्वांत दूर. प्रत्येक पट्ट्यात १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असे चार वाफे आखले आणि अ, ब, क, ड या चार वाणांपैकी कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल, हे प्रत्येक पट्ट्यात स्वतंत्रपणे चिठ्ठ्या टाकून ठरविले. (संगणकाच्या ‘रँड’ या सूत्रानेही हे काम होते, तथापि शेतकऱ्यांच्या देखत चिठ्ठ्या टाकणे अधिक बरे, कारण पुढे निकालावर कोणी शंका घेत नाही.) पट्टे बांधाला समांतर असल्यामुळे एका पट्ट्यातील चारही वाफ्यांना जवळजवळ सारखाच खार लागतो आणि वाणांची तुलना समान भूमीवर होते. हेच पट्टे बांधाला काटकोनात पाडले असते तर प्रत्येक पट्ट्यात एक वाफा खारात व एक गोड्यात गेला असता आणि ती चूक पुढे कोणत्याही गणिताने दुरुस्त झाली नसती.

वाफ्यागणिक उत्पन्न किलोग्रॅममध्ये असे आले :

वाण अ : १५, १६, १९, २२, २३ (सरासरी १९)
वाण ब : १४, १९, २१, २२, २४ (सरासरी २०)
वाण क : १५, १९, १९, २१, २६ (सरासरी २०)
वाण ड : १८, २०, २३, २५, २९ (सरासरी २३)

प्रत्येक ओळीतील पहिला आकडा पहिल्या पट्ट्याचा, दुसरा दुसऱ्याचा, याप्रमाणे. स्प्रेडशीटमध्येही हीच मांडणी ठेवावी : पहिल्या ओळीत पट्ट्यांची नावे, ‘ए’ या पहिल्या स्तंभात वाणांची नावे आणि ‘बी२’ या चौकटीपासून ‘एफ५’ या चौकटीपर्यंत वीस आकडे. आकड्यापुढे ‘कि.’ किंवा ‘किलो’ लिहू नये. तसे केल्यास संगणक त्यास आकडा न मानता शब्द मानतो आणि गणित नाकारतो. एकक शीर्षकात लिहावे.

एक्सेलमध्ये विश्लेषणाची साधने प्रथम जागी करावी लागतात. ‘फाइल’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘ॲड-इन्स’ येथे जावे, खालील ‘गो’ हे बटण दाबावे आणि ‘ॲनालिसिस टूलपॅक’ या नावापुढे खूण करावी. हे एकदाच करावयाचे असते. त्यानंतर ‘डेटा’ या विभागात उजव्या टोकाला ‘डेटा ॲनालिसिस’ हा शब्द दिसू लागतो. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये ही साधने ‘डेटा’खालील ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये आधीपासूनच असतात.

‘डेटा ॲनालिसिस’ची यादी उघडताच ‘ॲनोव्हा’ या नावाचे तीन पर्याय आढळतात : ‘सिंगल फॅक्टर’ म्हणजे एक घटक, ‘टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन’ म्हणजे दोन घटक, पुनरावृत्तीसह, आणि ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ म्हणजे दोन घटक, पुनरावृत्तीविना. गोंधळाचे मूळ येथे आहे. कृषी खात्यातील कर्मचारी पट्ट्यालाच ‘पुनरावृत्ती’ म्हणतो. त्याच्या शेतात पाच पुनरावृत्त्या आहेत, तेव्हा ‘पुनरावृत्तीविना’ हा पर्याय आपला नव्हे, असे त्यास साहजिकच वाटते. मग तो दुसरा पर्याय उघडतो. तेथे ‘प्रत्येक नमुन्यात ओळी किती’ असा न समजणारा प्रश्न येतो, म्हणून तो मागे फिरतो आणि सर्वांत सोपा दिसणारा पहिला पर्याय निवडतो. वाणांची तुलना करावयाची आहे, वाण हा एकच घटक आहे, असे तो स्वतःस समजावतो. तर्क वरकरणी सरळ आहे, पण निकाल काय येतो ते पाहू.

‘सिंगल फॅक्टर’मध्ये ‘ए२’ ते ‘एफ५’ हा टापू द्यावा, गट ओळींप्रमाणे आहेत असे सांगावे, पहिल्या स्तंभात नावे असल्याची खूण करावी आणि ‘अल्फा’पुढे ०.०५ राहू द्यावे. जो तक्ता येतो, त्यात वाणांमधील वर्गांची बेरीज ४५, स्वातंत्र्य मात्रा ३ आणि सरासरी वर्ग १५. त्रुटीची वर्गांची बेरीज २४६, स्वातंत्र्य मात्रा १६ आणि सरासरी वर्ग १५.३७५. पहिल्या सरासरी वर्गास दुसऱ्याने भागून येणारे गुणोत्तर म्हणजे ‘एफ’. (हे अक्षर जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ साली फिशर यांच्या सन्मानार्थ योजले.) येथे ते ०.९८ इतकेच भरते. शेजारीच छापलेली ‘एफ क्रिट’ ही मर्यादा ३.२४ आहे. गुणोत्तर मर्यादेच्या बरेच खाली आहे. अर्थात चार वाणांत लक्षणीय फरक नाही, असा अहवाल लिहिला जाईल. ड हा वाण बाजूला पडेल. खाजनात वर्षातून खरिपाचे एकच भाताचे पीक निघते, हे लक्षात घेता त्या अहवालाची किंमत कोण मोजील, हे सांगणे नको.

आता तेच वीस आकडे ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’मध्ये घालावे. या वेळी पट्ट्यांच्या नावांसह ‘ए१’ ते ‘एफ५’ हा पूर्ण टापू द्यावा आणि ‘लेबल्स’वर खूण करावी. नव्या तक्त्यात चार ओळी येतात. वाणांची वर्गांची बेरीज पूर्वीचीच, ४५. पट्ट्यांची २३२, स्वातंत्र्य मात्रा ४. त्रुटीची केवळ १४, स्वातंत्र्य मात्रा १२. एकूण २९१. वाणांचा सरासरी वर्ग १५, त्रुटीचा १.१७, ‘एफ’ गुणोत्तर १२.८६ आणि मर्यादा ३.४९. संभाव्यतेचा ‘पी’ हा आकडा एक सहस्रांशाहूनही लहान येतो. वाणांत फरक आहे, आणि तो नजरेआड करण्याजोगा नाही.

एका आकड्यातही बदल न होता निकाल उलटा झाला, याचे कारण पहिल्या तक्त्यातील २४६ या आकड्यात दडलेले आहे. त्यातील २३२ हा भाग खाराचा होता. बांधालगतच्या पट्ट्याची सरासरी १५.५ आणि पाचव्या पट्ट्याची २५.५, एवढी मोठी ती तफावत होती. प्रयोग आखताना जमिनीतील हा भेद ओळखून पट्टे पाडण्यात आले, मेहनत घेण्यात आली. पण विश्लेषणात पट्ट्यांचे नावच न सांगितल्यामुळे ती सारी तफावत ‘त्रुटी’ या सदरात जमा झाली आणि वाणांचा फरक तिच्याखाली बुडाला. ‘पुनरावृत्तीविना’ या शब्दांचा संगणकाच्या भाषेतील अर्थ एवढाच की, एका वाणाचा एका पट्ट्यात एकच वाफा आहे, तक्त्याच्या एका चौकटीत एकच आकडा आहे. शेतावरील यादृच्छिक गट रचनेच्या प्रयोगास, पुनरावृत्त्या कितीही असोत, हाच पर्याय लागू पडतो. ‘पुनरावृत्तीसह’ हा पर्याय चार वाण आणि खताच्या दोन मात्रा अशा जोडप्रयोगासाठी योजलेला आहे. मात्र त्यातही पट्ट्यांचा भाग वेगळा काढला जात नाही, तो त्रुटीतच राहतो, हे ध्यानात ठेवावे. तसा प्रयोग असल्यास वाण व मात्रा यांच्या आठ जोड्या हेच आठ वाण समजून प्रथम तिसऱ्याच पर्यायाने विश्लेषण करणे श्रेयस्कर.

टूलपॅकविना हे गणित कसे होते ते पाहिल्यास त्यातील गूढता पुष्कळशी नाहीशी होते. त्यासाठी ‘डेव्हएसक्यू’ हे एकच सूत्र पुरेसे आहे. दिलेले आकडे आपल्या सरासरीपासून किती दूर आहेत, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज हे सूत्र देते. ‘जी२’ ते ‘जी५’ या चौकटींत चार वाणांच्या सरासऱ्या काढाव्या आणि ‘बी६’ ते ‘एफ६’ या चौकटींत पाच पट्ट्यांच्या. आता सर्व वीस आकड्यांवर ‘डेव्हएसक्यू’ चालविले की २९१ येतात. वाणांच्या चार सरासऱ्यांवर चालवून ५ ने गुणले (प्रत्येक सरासरीमागे पाच वाफे आहेत) की ४५. पट्ट्यांच्या पाच सरासऱ्यांवर चालवून ४ ने गुणले की २३२. एकूण रकमेतून हे दोन्ही वजा केल्यावर उरतात ते १४, आणि ज्याचे श्रेय ना वाणाला ना जमिनीला, अशी ती बाकी म्हणजेच त्रुटी. ही रीत एकदा स्वतःच्या हाताने करून पाहणाऱ्यास पुढे पर्याय निवडताना सहसा चूक होत नाही.

या रीतीचा दुसरा लाभही आहे. टूलपॅकने छापलेला तक्ता स्थिर असतो. मागाहून एखाद्या वाफ्याच्या नोंदीत दुरुस्ती केली, तरी त्या तक्त्यातील आकडे जुनेच राहतात. विश्लेषण पुन्हा चालवावे लागते. सूत्रांनी बांधलेला तक्ता मात्र नोंद बदलताच आपोआप बदलतो. कापणीच्या धांदलीत नोंदवही दोनदा तपासली जाते आणि दुरुस्त्या होतातच, तेव्हा हा फरक किरकोळ नव्हे.

‘एफ’ गुणोत्तर मर्यादेपलीकडे गेले म्हणून काम संपत नाही. वाणांत कोठे तरी फरक आहे, इतकेच ते सांगते. कोणता वाण कोणाहून सरस, हे सांगत नाही आणि टूलपॅकही येथे थांबते. पुढची पायरी क्रांतिक फरकाची. त्रुटीच्या सरासरी वर्गाची दुप्पट करून तीस पट्ट्यांच्या संख्येने, म्हणजे ५ ने, भागावे. त्याचे वर्गमूळ ०.६८३ येते. त्यास ‘टीइन्व्ह’ या सूत्रात ०.०५ आणि १२ घालून मिळणाऱ्या २.१७९ या आकड्याने गुणावे. क्रांतिक फरक १.४९ किलोग्रॅम ठरतो. ज्या दोन वाणांच्या सरासरीत याहून अधिक अंतर, त्यांच्यातच फरक मानावयाचा. ड हा वाण ब आणि क यांच्याहून ३ किलोग्रॅमने व अ हून ४ किलोग्रॅमने पुढे आहे. तो निःसंशय सरस ठरतो. हेक्टरी हिशोबात ३ किलोग्रॅम म्हणजे सहा क्विंटल होतात. याउलट ब आणि अ यांच्यातील अंतर १ किलोग्रॅमचे आहे. हेक्टरी दोन क्विंटल, ही संख्या प्रसिद्धिपत्रकात आकर्षक दिसेल. परंतु ती क्रांतिक फरकाच्या आत असल्याने अ सोडून ब चे बियाणे विकत घ्या, असे शेतकऱ्यास सांगण्याचा अधिकार या प्रयोगाने कोणासही दिलेला नाही.

शेवटी नष्ट झालेल्या वाफ्याविषयी. गुरे शिरणे, बांध फुटणे, मळणीत पेंढ्यांची सरमिसळ होणे हे प्रकार घडतात आणि तक्त्यात एक चौकट रिकामी राहते. दोन घटकांचे विश्लेषण अशा अपुऱ्या तक्त्यावर चालत नाही, म्हणून तेथे शून्य भरण्याचा मोह होतो. ते कदापि करू नये. वरील उदाहरणात ड चा पाचव्या पट्ट्यातील २९ हा आकडा जाऊन तेथे शून्य आले, तर त्या वाणाची सरासरी २३ वरून १७.२ वर घसरते आणि सर्वांत सरस वाण सर्वांत निकृष्ट ठरतो. रॉथॅमस्टेड येथीलच फ्रँक येट्स यांनी १९३३ साली यासाठी एक रीत दिली. वाणांच्या संख्येने त्या वाणाची उरलेली बेरीज गुणावी (४ गुणिले ८६), पट्ट्यांच्या संख्येने त्या पट्ट्याची उरलेली बेरीज गुणावी (५ गुणिले ७३), दोहोंच्या बेरजेतून उरलेली एकूण बेरीज ३८१ वजा करावी आणि येईल त्यास १२ ने, म्हणजे वाणांतून एक व पट्ट्यांतून एक कमी करून येणाऱ्या ३ व ४ यांच्या गुणाकाराने, भागावे. उत्तर २७.३ येते. ते रिकाम्या चौकटीत भरल्यास ड ची सरासरी २२.७ होते. हा आकडा शेतातून आलेला नसल्यामुळे त्रुटीची स्वातंत्र्य मात्रा १२ ऐवजी ११ धरावी लागते. टूलपॅक ती १२ च छापील, म्हणून त्रुटीचा सरासरी वर्ग आणि ‘एफ’ गुणोत्तर हाताने पुन्हा काढावे. वाणांची वर्गांची बेरीजही या रीतीत किंचित फुगते, पण एका वाफ्यापुरता तो दोष अल्प असतो. कोणत्या पट्ट्यातील कोणता वाफा गेला आणि कशामुळे गेला, याची नोंद अहवालात तक्त्याखालीच करावी.